पाण्यावरची हाक

आधीच सांगतो, मी डिझेल इंजिनचा मेकॅनिक. बिघाड दिसत नसेल तर तो अजून सापडलेला नाही, एवढंच माझं तत्त्वज्ञान. कळंबला आमच्या घरी देवऋषी आला की मी मुद्दाम शिट्टी वाजवत बाहेर पडायचो... तरीही हे लिहितोय, कारण आता पोटात ठेववत नाही.

१९९५ साल. मी कोचीला बोटींच्या कामावर होतो. एका परदेशी मालकाची शिडाची बोट हिंदी महासागर ओलांडून रॉड्रिग्ज बेटावर पोचवायची होती. मॉरिशसच्याही पूर्वेला, नकाशावर माशी बसली तर झाकलं जाईल एवढं बेट. बोटीवर कप्तान आणि मी, दोघंच.

निघायच्या आठवड्यात धाकट्या भावाचं, बापूचं पत्र आलं. आबांना – आमच्या वडिलांना – लकवा मारून आठ महिने झाले होते, वाचा पार गेली होती. 'डोळं दाराकडं लावून बसत्यात. ये,' एवढंच लिहिलं होतं. मी ठरवलं, एवढी खेप करून जाऊ. असा मी शहाणा!

आम्ही मूळचे मेंढपाळ. मेंढरं आपणहून पाण्यात शिरत नाहीत. कळप नीरा ओलांडायचा असला की आबा आधी पलीकडच्या काठावर जायचे आणि तिथून हाक द्यायचे... यीऽऽऽ यी यी. शेवटी आवाज जरासा फाटायचा. ही हाक फक्त पाण्यावरची, रानातली वेगळी. लहानपणी मेंढरांच्या मागोमाग मीही त्याच हाकेवर नदी पोहलोय. पुढं कळप विकला, ऊस लावला, आणि ती हाक बंद झाली.

तेविसाव्या दिवशी बेट दिसलं. सकाळचे दहा, लख्ख ऊन. बेटाभोवती पाण्याखालच्या खडकांचं कडं आणि आत शिरायला एकच वाट. मी बोटीच्या टोकावर उभा राहून पाण्याचा रंग बघत होतो. तेवढ्यात समोरून, बेटाकडून ऐकू आलं – यीऽऽऽ यी यी. शेवटी फाटलेलं. एकदा नाही, तीनदा.

मी घाबरलो वगैरे अजिबात नाही. उलट इतका आनंद झाला की मी ओरडलोच, "आलो आबा!" कप्तान मंगळूरचा. त्यानं मागून विचारलं, "किसको बोला?" त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

दुपारी बंदरावरून गावातल्या दुकानाच्या नंबरवर फोन लागला. बापूला बोलावून आणलं.

"दादा, आबा गेलं. आज साडेअकराला."

आपल्याकडचे साडेअकरा म्हणजे तिथले दहा.

मला घरी पोचायला अकरा दिवस लागले. सगळं उरकलं होतं. आई माझ्याशेजारी बसून सांगत होती, "मी चुलीपाशी व्हते. अंगनात खाटंवरनं एकाएकी तीनदा वरडलं, मेंढरास्नी पान्यात बोलवावं तसं. मला वाटलं, वाचा आली. च्या टाकला. म्हनलं, आता बोलत्याल माज्यासंगं. कप घिऊन भाईर आले, तर मान कलली हुती." मग म्हणाली, "हितं ना पानी, ना मेंढरू. कुनाला बोलवत व्हतं रं?"

मी तिला सगळं सांगितलं. मग तिनं हळूच विचारलं, "अन् माजं काय म्हनलं का?"

"व्हय आई. तुजं नाव घेतलं."

ती रडता रडता हसली. "चाळीस वरसांत त्यांनी माजं नाव घेतलं न्हाय. पन असू दे... बरं वाटलं."

समुद्रापलीकडं तो आवाज मला कसा ऐकू आला, ते मला आजही सांगता येत नाही. भास म्हणा, योगायोग म्हणा, मी वाद घालणार नाही. पण आठ महिने त्यांच्या उशाशी मी नव्हतो, आई होती. मग तिच्यासाठी एक शब्द का उरला नाही, हे कुणी सांगेल का?