गाडीखालचा कागद

माझ्या सासूबाई सकाळी चहाच्या आधी दोन गोष्टी करायच्या. पहिली, बाबांच्या म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या घोट्यावर अंगठा दाबून पायाला सूज किती आहे ते बघायच्या. दुसरी, खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीखालचा कागद ओढून काढायच्या. हा कागद म्हणजे बँकेतून मिळणाऱ्या मोठ्या कॅलेंडरचं पान. रोज संध्याकाळी ते कोरी बाजू वर करून इंजिनाखाली अंथरायचं, कोपऱ्यांवर विटांचे तुकडे ठेवायचे आणि सकाळी त्यावर काय गळलंय ते वाचायचं. काळा डाग म्हणजे इंजिन ऑइल, हिरवा म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट, नुसतं ओलं म्हणजे एसीचं पाणी, त्याची फिकीर नाही. लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी ते पान कचरा समजून फेकून दिलेलं. आपल्या सासूबाई काय चीज आहेत ते मला त्याच दिवशी कळलं.

गाडी छोटी, पांढरी, आणि समीर, म्हणजे माझा नवरा, कॉलेजात असताना घेतलेली. मागची डावी काच हाताने धरून वर ढकलावी लागायची आणि मागच्या डिकीचं झाकण दोनदा आपटल्याशिवाय लागत नसे. समीर तिला डबा म्हणायचा. पण बाबांचं आठवड्यातून तीनदा कल्याणला डायलिसिस असायचं. रिक्षाचे धक्के त्यांना सोसत नव्हते आणि मोबाइलवरून मागवलेली गाडी आयत्या वेळी रद्द व्हायची. एकदा अशीच एक फेरी चुकली, तर दुसऱ्या दिवशी बाबांना श्वास घेता येईना. त्यानंतर सासूबाईंनी ठरवून टाकलं की त्या तीन सकाळी गाडी सुरू झालीच पाहिजे. घरात बाकी काहीही चुकलं तर चालायचं.

बँकेतली नोकरी संपल्यावर त्यांनी ही दुसरी नोकरी धरली असं आम्ही म्हणायचो. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी साचली की गरम पाणी ओतून ती धुवायची आणि वर व्हॅसलीन लावायचं. आमच्या इमारतीतले उंदीर वायरी कुरतडायचे, म्हणून बॉनेटखाली तंबाखूच्या पुरचुंड्या बांधायच्या. एरवी तंबाखूचं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडत, पण टपरीवरून तंबाखू त्या स्वतः घेऊन यायच्या. टपरीवाला काय समजत असेल ते समजो. पावसाळ्याआधी पुढच्या काचेखालच्या जाळीत अडकलेला पिंपळाचा पाला त्या विणायच्या सुईने काढायच्या, नाहीतर पाणी आत शिरून पायाखालचा पत्रा सडतो.

चालवायच्याही त्याच. गाडी निघाली की मुख्य रस्त्याला लागेपर्यंत बोलायचं नाही, रेडिओ नाही, एसी नाही. "गप्प बसा, तिला बोलू दे," म्हणायच्या. मी एकदा म्हटलं, आई, ती अचानक बंद पडली तर काय करायचं? तर म्हणाल्या, "अचानक कधीच बंद पडत नाही गं. ती आधीपासून सांगत असते. आपल्यालाच अचानक कळतं." बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, "माझ्याबद्दल पण हेच म्हणते ही." सासूबाई इंजिनाचा आवाज ऐकत होत्या.

एका सकाळी कागदावर एकही डाग नव्हता. मी चिडवायला म्हटलं, "अभिनंदन आई, गाडी बरी झाली."

"कोरा आला की मला जास्त काळजी," त्या म्हणाल्या. "जुनं इंजिन गळतंय म्हणजे त्यात तेल आहे. गळायचं थांबलं तर तेलच संपलं नाही ना, ते बघायचं." आणि खरंच बॉनेट उघडून त्यांनी तेलाची पट्टी काढून पुसली, परत घातली, परत काढली. तेल होतं, पण अगदी तळाला गेलेलं. मग मी आठवडाभर चिडवायचं बंद केलं.

मोठा गोंधळ समीरने घातला. कूलंट कमी दिसलं म्हणून त्याने मोठ्या कौतुकाने इमारतीच्या टाकीतलं पाणी भरलं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, बोअरचं पाणी, बादलीत रात्रभर ठेवलं तर तळाला पांढरा थर बसतो. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसला. समीर मात्र आईला मदत केली म्हणून खूश होता, आणि मदत केल्याचं सांगायचं विसरला. मे महिन्यात बाबांना घेऊन जाताना कल्याणच्या पत्री पुलावर गाड्या खोळंबलेल्या आणि आमचा तापमानाचा काटा लालकडे सरकायला लागला. सासूबाईंनी शांतपणे एसी बंद केला, चारही काचा खाली घ्यायला लावल्या आणि हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची उष्णता आत ओढून घेतली की ते तगतं, हे त्यांना ठाऊक होतं. आम्हाला भट्टीत बसवल्यासारखं झालं.

"अगं, मला उकडून नेणार का तिथं?" बाबा म्हणाले.

"घाम येऊ द्या. तेवढंच अंगातलं पाणी कमी, मशीनला काम कमी."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. दिवसाला मोजकं पाणी प्यायची परवानगी असलेला माणूस तो, त्याला हा विनोद पुरेपूर कळला. काटा तिथेच थांबला आणि आम्ही वेळेत पोचलो. डायलिसिस सेंटरच्या दारात दोन रिक्षावाले रेडिएटरचं झाकण उघडायला धावले, तर सासूबाई बॉनेटपुढे आडव्या उभ्या राहिल्या. "हात भाजून घ्यायचाय का? यांचे डायलिसिसचे चार तास होईपर्यंत तीही थंड होईल." थंड झाल्यावर झाकण उघडलं तर आत पांढरा थर दिसला, आणि घरी आल्यावर समीरची काही धडगत नव्हती. "स्वतः बाटलीचं पाणी पितोस आणि तिला टँकरचं पाजलंस?" एवढंच त्या म्हणाल्या, पण समीर दोन दिवस त्यांच्यासमोर येत नव्हता.

पुढच्या वर्षी बाबा गेले. झोपेतच. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई सांगायच्या, "गाडीमुळे एकही फेरी चुकली नाही हो." लोक मान हलवायचे, त्यांना त्याचं काय.

त्यानंतर गाडी बाहेर निघेना. कागद मात्र संध्याकाळी अंथरला जायचा आणि सकाळी काढला जायचा. एक दिवस त्या जिना चढून आल्या, पान टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "आज पण कोरा." चहा घेतला नाही. समीर म्हणाला, आता कशाला ठेवायची, टिटवाळ्याचा एक माणूस बघायला येतोय रविवारी. मला वाटलं त्या भांडतील. त्या म्हणाल्या, "विकून टाक." मला खरंच भीती वाटली. या बाईने भांडायचं सोडलं तर घरात राहिलं काय?

शनिवारी मी किल्ली उचलली. मला गाडी शिकवलेली त्यांनीच, ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर, पण गर्दीत मी कधी हात लावला नव्हता. "चला आई, कल्याणला जाऊन येऊ." कशाला, म्हणून त्यांनी विचारलं नाही. किल्ली फिरवली तर नुसतं टकटक. बॅटरी बसलेली. मला रडू फुटणार तोच शेजारच्या सीटवरून हुकूम सुटला. "पंखा बंद कर. वॉचमनला बोलाव. दुसरा गिअर, क्लच दाबून ठेव. ढकल रे दादा, जोरात! हां, आता सोड क्लच." गाडी गचका खाऊन सुरू झाली. मी रेडिओकडे हात नेला तर माझ्या हातावर चापट बसली. "ऐकू दे."

पत्री पुलावर गाडी एकदाच बंद पडली आणि लगेच सुरू झाली. सेंटरच्या दारात मी थांबवली. सासूबाई उतरल्या नाहीत. दाराकडे बघत बसल्या, रडल्या, पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "इथं नो पार्किंग आहे. चल."

समीरने टिटवाळ्याच्या माणसाला गाडी विकायची नाही असं कळवलं. सासूबाई त्यानंतर चार वर्षं होत्या, आणि भाजीपासून लग्नापर्यंत सगळीकडे आम्ही दोघी त्याच गाडीतून गेलो. गेल्या वर्षी त्याही गेल्या. गाडी माझ्याकडे आहे. पण मला आठवते ती कल्याणच्या फेरीनंतरच्या त्या रविवारची सकाळ. आदल्या संध्याकाळी कागद मीच अंथरलेला. सकाळी तो काढून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. मधोमध काळा डाग होता, पुरीएवढा. त्यांनी चष्मा लावला, बोटाने डाग चोळून वास घेतला.

"ऑइल सील गेलंय," त्या म्हणाल्या. "सोमवारी दाखवून घेऊ. आता चहा आण. आणि पान फेकू नकोस, अर्धं कोरं आहे अजून."