आधी स्क्रू सैल करायचा

कारखान्यातल्या वाफेच्या टाकीसाठी झटपट उघडणारं दार निवडायचं होतं. विक्रेता नमुना दाखवत म्हणाला, “मॅडम, एका हाताने उघडतं.”

“आणि आत दाब उरला असेल तर?”

“मग कितीही ओढा, उघडणार नाही. आधी हा बारीक स्क्रू सैल करायचा. आतली वाफ फुसफुसत जाते. आवाज थांबला की मगच दार.”

मी तेच पसंत केलं. ते बसवलेलं बघायला मी तिथे नसणार. मी नोकरी सोडून सासरच्या गावी राहायचं, हे घरात परस्पर ठरलं होतं.

जेवताना नवऱ्याने विचारलं, “गप्प का?”

“काही नाही.”

“मग ठीक,” म्हणत त्याने भात कालवला.

दार उघडत नाही म्हणजे आत दाब आहे, हे त्या विक्रेत्याला तरी कळलं असतं.