बंद कसं करायचं, ते आधी सांगा

"बंद कसं करायचं, ते आधी सांगा."

नवा मिक्सर असो की इमारतीखाली बसवलेलं व्यायामाचं यंत्र, चीफचा पहिला प्रश्न हाच असायचा. विचारताना ते उजवा तळवा आडवा धरायचे. ते जहाजावर चीफ इंजिनियर, म्हणून इथे परदेशात, टॅम्पिनीस उपनगरातल्या आमच्या इमारतीत, सगळेच त्यांना चीफ म्हणत. सहा महिने समुद्रावर, तीन महिने घरी. आणि घरी बसलेला इंजिनियर शेजाऱ्यांना किती महाग पडतो, हे तुमच्याही शेजारी कोणी असेल तर ठाऊक असेलच.

मागच्या सुट्टीत त्यांनी माझं दार वाजवलं आणि मला आपल्या घरी नेलं. मी आंग मो किओतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो, एवढा गुन्हा त्यांना पुरेसा होता. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवत. बायका आपल्या आईची, आजीची साडी आणून देत आणि वहिनी तिची बाळासाठी गोधडी करून देत. आता त्यांना ऑनलाइन दुकान काढायचं होतं, आणि ते कुठल्या सॉफ्टवेअरवर बांधायचं हे ठरत नव्हतं.

"सहा आठवड्यांनी मी जहाजावर जाणार," चीफ म्हणाले. "तिथे कधी कधी आठवडा आठवडा नेट नसतं. काही अडलं तर ही मला विचारू शकणार नाही. हिला एकटीला चालवता आलं पाहिजे."

मी सगळ्यात नावाजलेल्या सॉफ्टवेअरचं नाव सांगून मोकळा झालो. निदान मला तसं वाटलं.

"बंद कसं करायचं?"

"अहो चीफ, अजून उघडलंसुद्धा नाही."

"उघडता कोणालाही येतं."

आतून वहिनी म्हणाल्या, "लग्नाच्या बोलणीतच काडीमोड विचारणारा माणूस आहे हा."

पण प्रश्न वेडगळ नव्हता. उद्या हे सॉफ्टवेअर सोडलं तर गोधड्यांचे फोटो आणि गिऱ्हाइकांची नावं आपल्याबरोबर येतात की तिथेच अडकतात, हे त्यांना हवं होतं. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण मला ते सांगता येईना. घरी येऊन गुपचूप वाचावं लागलं.

नव्या जहाजावर गेलं की पहिल्या आठवड्यात प्रत्येक पाइप हाताने चाचपत शेवटापर्यंत जायचं, नकाशावर भरवसा ठेवायचा नाही, ही त्यांची रीत. तशीच त्यांनी चार सॉफ्टवेअर फुकट वापरून पाहायच्या मुदतीत घेतली. गिऱ्हाइकाने बटण दाबल्यापासून वहिनींचा फोन वाजेपर्यंत काय कुठून कुठे जातं, ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रेघा मारून काढलं. एकात ऑर्डरची खबर अशा कोपऱ्यात जाऊन पडायची की वहिनींना कधीच दिसली नसती. दुसऱ्यात 'शिल्लक माल किती' हे भरल्याशिवाय पुढेच जाता येत नव्हतं.

"एका आईची एक साडी," वहिनी म्हणाल्या. "शिल्लक काय लिहू?"

ऑफिसातून आलो की मी रोज त्यांच्याकडे डोकवायला लागलो. मदत वगैरे काही नाही, आज काय सापडलं याची उत्सुकता.

शेवटी दोन उरली. चीफना तिसरं आवडलं, कारण त्यात तऱ्हेतऱ्हेचे तक्ते आणि आलेख होते. वहिनींना चौथं. ते साधंच होतं, पण त्यात गिऱ्हाइकाला साडीचा फोटो जोडता येई आणि खाली दोन ओळी लिहिता येत.

"साडी कोणाची ते कळल्याशिवाय मी कात्री लावत नाही," वहिनी म्हणाल्या.

"ते फोनवर विचार. मशीन मजबूत पाहिजे," चीफ म्हणाले, आणि दुकान तिसऱ्यावर उघडलं.

मग ड्रिल सुरू झाली. जहाजावर आगीची ड्रिल, म्हणजे सराव, असते तशी ही ऑर्डरची. शेजाऱ्यांनी खोट्या ऑर्डरी टाकायच्या, वहिनींनी पुढचं सगळं करायचं, चीफनी घड्याळ धरून बसायचं आणि संध्याकाळी त्या सगळ्या रद्द करायच्या. माझी मुलगी तर इथल्या इंग्रजीत वैतागली. "अंकल, अगेन आह? आय ऑर्डर सो मेनी टाइम्स ऑलरेडी."

यातच घोळ झाला. वहिनींनी दुकानाची लिंक बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली होती. क्वीन्सटाउनच्या एका बाईंनी खरीच ऑर्डर दिली. बाकीच्यांसारखंच नाव आणि माप, वेगळं काही लिहायला जागाच नव्हती. वहिनींनी ती ड्रिल समजून हसून सोडली, चीफनी संध्याकाळी बाकीच्यांबरोबर रद्द केली. चार दिवसांनी बाईंचा फोन आला.

"माझी आई मार्चमध्ये गेली. तिची साडी आहे. ऑर्डर रद्द का केलीत? गेलेल्या माणसाची साडी चालत नाही का तुम्हाला?"

वहिनींनी फोन ठेवला. "मला नाही जमायचं हे," एवढंच म्हणाल्या. चीफना जहाजावर जायला तेव्हा आठ दिवस उरले होते.

चीफनी शर्ट चढवला आणि एमआरटी मेट्रोने क्वीन्सटाउन गाठलं. येताना पिशवीत त्या आईची विटकरी इरकल साडी होती. "बोटीवर ड्रिलच्या आधी भोंग्यावरून सांगतात, ही ड्रिल आहे म्हणून. मी सांगितलं नाही. चूक माझी," ते वहिनींना म्हणाले. मग त्यांनी तिसरं सॉफ्टवेअर बंद केलं. फोटो आणि नावं सगळी सुखरूप बाहेर आली, आणि दुकान चौथ्यावर गेलं. इरकलाची गोधडी वहिनींनी सगळ्यात आधी शिवली.

जाताना जहाजावर पुढच्या माणसासाठी लिहून ठेवतात तशी एक वही त्यांनी वहिनींच्या हातात दिली. पहिल्या पानाचा मथळा मी तुम्हाला सांगायला नको.

दीड महिन्याने वहिनी फोन घेऊन माझ्या दारात. "भाऊजी, ही ड्रिल आहे का हो?"

ऑर्डर चीफची होती, कुठल्याशा बंदरातून, मोठ्या माणसाच्या मापाची. जोडलेल्या फोटोत वहिनी, पंचविशीतल्या, जांभळ्या साडीत. खाली दोन ओळी: 'साडी बायकोची. मला पहिल्यांदा बोटीवर सोडायला आली तेव्हा नेसली होती. केबिनचा एसी बंद होत नाही.'

"अख्ख्या बोटीची इंजिनं बंद करतो आणि याला एसी बंद होत नाही," वहिनी म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले. मलाही त्या क्षणी चीफची फार आठवण आली.

"ड्रिल असेल तर संध्याकाळी रद्द करतील," मी म्हणालो.

संध्याकाळी वहिनींनी तीनदा फोन उघडून पाहिला. ऑर्डर तशीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो तेव्हा त्यांचं दार उघडं होतं. फरशीवर जांभळी साडी अंथरली होती, आणि वहिनी सुईत दोरा ओवत होत्या.