पालथं पातेलं

कंपनीनं बजावलं होतं: सोमवारपर्यंत प्रोग्राममधला घोळ सापडला नाही, तर ताडकळस सोडून पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं. घरात मी आणि आई दोघीच, त्यात तिचे गुडघे गेलेले. मला जायचं नव्हतं. आई मात्र म्हणायची, "जा की! मी काय पाळण्यात हाय का?"

माझं काम सांगायला सोपं, निस्तरायला अवघड. दूरचं एक मशीन आमच्या मशीनच्या मेमरीत थेट माहिती लिहितं. प्रोसेसरला विचारत नाही, हाक मारत नाही. म्हणून जिथं लिहायचं ते मेमरीचं पेज, म्हणजे तिचा तेवढा तुकडा, काम संपेपर्यंत जागेवर खिळवून ठेवावं लागतं. ते मध्येच सुटलं, की तिथं दुसऱ्याच कुणाचा संसार मांडला जातो आणि पलीकडचं मशीन खुशाल त्यातच लिहीत सुटतं. आमच्याकडं हेच व्हायचं, पण कधीतरीच. कधीतरीच होणाऱ्या चुकीइतकं दुष्ट काही नसतं.

शनिवारी सकाळी ओट्यावर आईचा आवाज चढला. शेजारच्या काकू आमच्या ओट्यावरच्या पातेल्यात दूध ओतून जातात. आधी म्हशीचं, मग परत जाऊन गाय पिळली की गाईचं. हाकबिक नाही, पातेलं ठरल्या जागी असतंच. म्हशीचं दूध समोरच्या खोलीत नवेच राहायला आलेल्या गुरुजींचं, गाईचं आमचं. भांडं एकच. गुरुजी भारी टापटिपीचे. त्या दिवशी त्यांनी आपलं दूध काढून घेतलं, पातेलं लख्ख घासलं आणि तिथंच पालथं घातलं. काकूंनी अंधुक उजेडात, सवयीनं, त्याच्या बुडावर गाईचं दूध ओतलं. मांजराची दिवाळी झाली.

"गुरुजी, तुमचं झालं म्हणून पालथं घालता का? आमचं यायचं हाय की अजून!"

गुरुजी ओशाळून उभे. मी हसत होते, ती एकदम थांबले. आमच्या कोडमध्येही एकच पेज दोन कामं वाटून वापरत होती. पहिलं उरकलं, की ते शहाण्यासारखं पेज मोकळं करून टाकायचं. दुसऱ्याची माहिती अजून वाटेतच! आणि मी आठवडाभर त्या दुसऱ्यालाच शिव्या घालत होते.

पेज किती जणांनी धरलंय याची गणती ठेवली. शेवटचा सोडेल तेव्हाच ते सुटणार. रविवारभर चाचण्या चालवल्या. एकदाही बिघडलं नाही. सोमवारी साहेबांचा फोन आला, राहा तिकडंच म्हणाले.

मी आईला सांगितलं. ती आत गेली आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन आली. वरून फडकं गुंडाळून पक्की गाठ मारलेली. माझ्या पुण्याच्या प्रवासासाठी तिनं तो कधी बांधून ठेवला होता, मला पत्ताच नव्हता. जेवायला बसलो तेव्हा तिला ती गाठ सुटेना. मी डबा हातात घेतला.

"लय तिखट झालीय बघ," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली.

डबा अजून उघडलाही नव्हता.