खुशाल लिहायचं नाही

‘खुशाल’ हा शब्द हवालदारांसमोर टाइप करायची सोय नव्हती. सवयीनं माझी बोटं त्या शब्दाकडे वळली, की ते टेबलावर टकटक करायचे आणि म्हणायचे, “ते खोडा, ताई. काय झालंय ते लिवा.”

इस्लामपुरात बसस्टँडसमोर माझं टायपिंगचं दुकान होतं. नव्वदीची सुरुवात होती. कॉम्प्युटर तेव्हा साखर कारखान्याच्या ऑफिसात, काचेच्या खोलीत असायचा आणि लोक तो लांबून बघून यायचे. माझ्याकडे दोन मराठी टाइपरायटर आणि हँडल फिरवून चालवायचं सायक्लोस्टाइलचं मशीन. कोर्टाचे अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा यावर दुकान चालायचं. एका सकाळी आष्ट्याच्या गाडीतून एक ताठ पाठीचा माणूस उतरला, खांद्यावर खाकी पिशवी, आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“पेपर काढायचाय.”

“कसला?”

“खबरांचा. आष्टा, बावची, बागणी, ह्या बाजूच्या. आमची पोरं लांब लांब हायत फौजेत. त्यास्नी धाडायचा.”

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गावात सगळे त्यांना हवालदारच म्हणायचे, मीही तेच म्हणू लागले. मी विचारलं, “पण पैसे कोण देणार?” तर ते खाली बसले आणि शांतपणे म्हणाले, “तेच इचारायला आलोय. पेपरातनं कमाई कशी हुती?”

मलाही ठाऊक नव्हतं. आम्ही दोघांनी चहा मागवला.

पहिला अंक म्हणजे एक पान, पाठपोट. लिहून आणायचा त्यांना कंटाळा. ते उभ्यानं सांगत आणि मी थेट स्टेन्सिलच्या मेणकागदावर टाइप करी. चूक झाली की गुलाबी औषध लावायचं, फुंकर घालून वाळवायचं आणि त्यावरच पुन्हा टाइप करायचं. बातम्या अशा: ‘बावचीच्या शाळेजवळ बोअर मारली. पाणी लागले. चव मचूळ आहे.’ ‘सकाळची सांगली गाडी आता ओढ्याच्या वळणावर थांबत नाही. हात करू नये.’ ‘बागणीत एका घरी म्हैस व्याली. रेडी हवी होती, रेडा झाला. घरात अबोला आहे.’ मी म्हणाले, हे शेवटचं वाक्य कशाला? ते म्हणाले, “त्या घरातला पोरगा राजस्थानात हाय. त्याला ह्यो अबोलाच वाचायचाय.”

पत्ते त्यांनी सायकलवर फिरून, घरोघरी विचारून गोळा केले. पहिले अंक फुकट गेले. पुढं एक दिवस ते मनिऑर्डरचं कुपन हातात धरून आले. आसामकडून कुणा शिपायानं वर्षाची वर्गणी धाडली होती आणि कुपनावर लिहिलं होतं, ‘बोअरची चव सुधारली का, पुढच्या अंकी कळवावे.’ हवालदारांनी ते कुपन मला दाखवलं, चहावाल्याला दाखवलं, माझ्याकडे टायपिंग शिकायला आलेल्या मुलींना दाखवलं. मग सायकल काढून बावचीला पाण्याची चव बघायला गेले.

नुसत्या वर्गणीत टपालाचा खर्च निघेना. जाहिराती हव्या होत्या. दुकानदार हसायचे. “हवालदार, तुमचं वाचणार बॉर्डरवर आन दुकान आमचं आष्ट्यात. साडी घ्यायला काय जवान पळत यील का?” त्यावर ते रागावले नाहीत. त्यांनी दोन अंक निघेपर्यंत विचार केला आणि मग फोटो स्टुडिओत शिरले. “पोरगा छुट्टीवर आला की लगीन. लगीन म्हंजे फोटू. आन छुट्टी असती एवढीशी. फोटू कुटं काढायचा ते त्यानं तिकडंच ठरवून यायला पायजे का न्हाई?” स्टुडिओवाल्याला ते पटलं. त्याच्यामागून साडीचं दुकान आलं, मग बँडवाला, मग मंगल कार्यालय. पानाची खालची पट्टी वाचली तर सगळं लग्नच दिसायचं.

“पेन्शन सरकारची,” ते म्हणायचे, “ही कमाई माझी.”

त्या कमाईतून त्यांनी बायकोला पहिली वस्तू घेतली ती कुकर. पुढच्या अंकात बातमी होती: ‘संपादकाच्या घरी कुकर आला. पहिला भात करपला.’ त्यानंतरच्या बाजारी त्यांची बायको स्वतः माझ्या दुकानात आली. बुटकी, ठसठशीत बाई, कपाळावर पदर. “तुमीच व्हय त्या टाइपवाल्या? भात करपल्याचं आसामपातूर गेलं. घरातलं घरात ऱ्हाऊ द्या म्हणावं की ह्यास्नी!” हवालदार बाहेर सायकलपाशी उभे राहून ऐकत होते आणि मिशीत हसत होते.

एवढा खरेपणाचा हट्ट कशासाठी, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. ‘सर्व मंडळी खुशाल’ असं एका बातमीच्या शेवटी मी आपणहून टाइप केलं होतं. त्यांनी मशीन थांबवायला सांगितलं.

“ताई, मी नवा शिपाई हुतो तवा माझी आई गेली. बा अडाणी. मास्तरांकडनं पत्रं लिवून घ्यायचा. पोरगं लांब हाय, जिवाला लावून घील, म्हून समद्यांनी ठरवलं, कळवायचं न्हाई. दर पत्रात, सर्व खुशाल, आईचा आशीर्वाद. मी छुट्टीवर येताना तिच्यासाठी शाल घेतली हुती. स्टँडवर उतरलो तर मानसं माझ्या हातातल्या शालीकडं बगायची आन मान वळवायची.”

चहाचा कप त्यांनी बाजूला सारला. “रडायचं तरी कुणासंगं? समद्यांचं रडून झालं हुतं.”

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल, ज्याचा हट्ट आधी विनोदी वाटतो आणि कारण कळल्यावर आपण त्याला हसणं सोडून देतो. त्या दिवसानंतर मी तो शब्द टाइप केला नाही.

पत्रक चांगलं तीन-चार वर्षं चाललं. त्यांचा एकुलता एक मुलगाही फौजेत होता, उत्तरेला, बर्फातल्या एका उंच चौकीवर. त्यालाही इतरांसारखाच अंक जायचा, वर्गणी घेऊन. “घरचा म्हून फुकट न्हाई,” ते सांगायचे आणि वर पुन्हा सांगायचे, “वर्गणी वेळेवर धाडतोय हां!”

मग त्यांची बायको आजारी पडली. पोटात दुखायचं, ती अंगावर काढत राहिली. मिरजेला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी हवालदारांना बाजूला नेलं. हे त्यांनी मला सांगितलं नाही. मला कळलं ते पत्रकावरून. सायकलवरच्या फेऱ्या बंद झाल्या, बातम्या आटल्या. बाजारभाव आणि गाड्यांच्या वेळा यांनीच पान भरायला लागलं. उभ्यानं सांगणारा माणूस आता बाकावर बसून सांगू लागला.

एका दुपारी त्यांनी सांगता सांगता मधेच सुरू केलं, “संपादकाच्या घरी आजारपण आहे. पत्नीवर मिरजेस उपचार चालू आहेत. बरे वाटेल, असे डॉक्टर म्हणत नाहीत.”

माझी बोटं थांबली.

“टाइप करा, ताई.”

मी केलं. ते कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “न्हाई. औषध लावा त्याला.”

मी गुलाबी औषध लावलं, फुंकर घातली. ते बोलायला लागले, माझ्याशी की स्वतःशी, कोण जाणे. “तिनं शप्पत घातलीया, पोराला कळवायचं न्हाई. म्हणती, पोरगं कड्यावरनं चालतंय. मनात माझं दुखणं घिऊन चाललं आन पाय घसरला तर? तुमी काय सांगाल मला?” ती बाई चूक बोलत नव्हती. तेही चूक नव्हते.

“आन न्हाई कळवलं, तर त्यो कुणासंगं रडंल?” ते म्हणाले.

औषध वाळलं होतं. त्यांनी तीच वाक्यं, तशीच, पुन्हा सांगितली. मी पुन्हा टाइप केली. अक्षरं जरा जाड उमटली. मशीनचं हँडल त्या दिवशी त्यांनी स्वतः फिरवलं, घड्या स्वतः घातल्या आणि गठ्ठा छातीशी धरून पोस्टात नेला.

पुढचे काही दिवस ते दुकानात आले नाहीत. मुलगा सुट्टी घेऊन आल्याचं कळलं तशी मी आष्ट्याला गेले. ती पलंगावर होती, अगदी लहान झालेली. मुलगा उशाशी बसून चमच्यानं पेज भरवत होता, बर्फानं काळवंडलेला चेहरा, ओठ फुटलेले. हवालदार उंबऱ्यात बसले होते. आत येत नव्हते.

“ताई, तुमीच टाइप केलं न्हवं?” तिनं मला विचारलं.

“हो.”

“मग एवढं तरी घालायचं हुतं, की डोकं अजून चालतंय तिचं.” मुलगा हसला. तीही हसली. मग आवाज उतरवून, पण उंबऱ्यापर्यंत पोचेल इतपत, म्हणाली, “त्या मानसासंगं मी बोलत न्हाई. शप्पत मोडली माझी. पोरगं आलं ते देवाची किरपा म्हून धड आलं.”

आणि खरंच ती बोलत नव्हती. पाणी हवं असलं तर मुलाला सांगायची. हवालदार पाण्याचा तांब्या भरून आणत आणि मुलाच्या हातात देत. मुलगा एकदा बापाला म्हणाला, मी तिथं असताना, “बाबा, तुमी कळवलं ते बरं केलं.” हवालदारांच्या हातात तांब्या तसाच होता.

सुट्टी वाढवून मिळाली नाही. मुलगा परत निघाला त्या सकाळी ती पलंगावरून उठून भिंतीला टेकून बसली होती, त्याला दिसावं म्हणून. गाडी गेल्याचा आवाज आला. आणि मग ती नवऱ्याला म्हणाली, “पोचल्याचं पत्र आलं की आदी मला वाचून दावा.”

इतक्या दिवसांनी पहिलं बोलणं. ते मला हवालदारांनीच सांगितलं, नंतर. पत्र यायच्या आत ती गेली.

“मग पत्र आलं, ताई. नीट पोचलोय, लिवलंय. वाटेत बरफ हुता, पर नीट पोचलोय.” ते बाकावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. “मी पलंगाकडं तोंड करून बसलो आन मोट्यानं वाचलं. शेजारची बाई दारातनं बगून गेली. बगू दे. सांगितलं हुतं तिनं, आदी मला वाचून दावा.”

पुढच्या अंकात तिच्या जाण्याची बातमी त्यांनी दोन ओळींत सांगितली, इतर बातम्यांच्या मध्ये, गाड्यांच्या नव्या वेळांच्या वर. मी विचारलं, चौकट टाकूया का? ते म्हणाले, “चौकट कुणाला टाकली न्हाई आपण.”

त्यानंतर दुकानात पोस्टकार्डं यायला लागली. कुठून कुठून. ज्यांना ती कधी दिसली नव्हती, त्या पोरांची. एकानं लिहिलं होतं, ‘भात करपलेल्या काकी गेल्या, वाचून वाईट वाटले.’ हवालदारांनी ते वाचलं आणि पहिल्यांदा माझ्यासमोर ते रडले. मी मुलींना मशीनकडे पाठवलं आणि पाठ फिरवून रिबीन बदलत बसले.

पत्रक पुढं काही महिने चाललं, कसंबसं. मुलाची बदली खाली छावणीत झाली, त्याला क्वार्टर मिळालं. तो येऊन बापाला घेऊन गेला. जाताना ते माझ्या दुकानात आले. “पेपर तुमी चालवा, ताई. जाहिरातवाली मानसं वळकीची झालीत.” मी दोन अंक काढलेही. पण माझ्याकडे सायकल नव्हती आणि गावागावांत कुणी मला ओळखत नव्हतं. बातम्या विचारायला गेलं की लोक पाणी देत, बसायला देत आणि सांगत, “काय न्हाई, समदं खुशाल हाय.” मी ते छापू शकत नव्हते.

वर्षभरानं मुलाचं पत्र आलं. हवालदार तिकडेच गेले, थंडीत, झोपेत. त्यानं काहीही सजवून लिहिलं नव्हतं. बापाचाच मुलगा.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक जवान दुकानाशी थांबला. हिरवी ट्रंक, पाठीवर वळकटी. “ते खबरांचं पत्रक हितनंच निघायचं न्हवं? कवापासनं आलंच न्हाई.” मी त्याला सांगितलं. तो ट्रंकेवर बसला.

“आमी पाच-सा जण मिळून एकच घ्यायचो,” तो म्हणाला. “एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कोन गेलं ते आदी वाच, म्हणायचो.” मी पाणी दिलं, ते त्यानं उभं राहून प्यायलं. मग जरा घुटमळून विचारलं, “बागणीचं काय कळलंय का हो तुमाला? आमच्या घराकडचं? घरनं पत्रं येत्यात, पर त्यात काय नसतंय.”

मला काही माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

“बरं,” तो म्हणाला.

आष्ट्याची गाडी लागली होती. त्यानं ट्रंक उचलून आत ढकलली आणि खिडकीशी बसला. शेजारी फेटेवाला म्हातारा होता, त्याला तो वाकून काहीतरी विचारत होता. म्हाताऱ्यानं मान हलवली. ओळख पटली म्हणून, की काही ठाऊक नाही म्हणून, हे माझ्या दुकानातून कळत नव्हतं. तेवढ्यात गाडी सुटली.