दाराच्या आतल्या बाजूने

आत्या विलायतेत नर्स होती. गिरण्या बंद पडल्या त्यानंतर दोनेक वर्षांनी ती सुट्टीवर जोगेश्वरीला, आमच्या चाळीत आली, तेव्हा तिच्या गप्पा ऐकायला अख्खी गॅलरी जमली. तिकडे म्हणे म्हातारं माणूस एकटं राहत असलं, तर सरकारी बाई रोज येऊन दार वाजवते. आतून ओ आली नाही, तर स्वतःकडची किल्ली लावून आत शिरते.

आम्ही पोट धरून हसलो. पोटच्या पोरांना वेळ नाही, म्हणून सरकार पगारी माणूस पाठवतं! बाबा म्हणाले, "त्यांना सांग गं, माणुसकी शिकायला आमच्याकडे या." सगळ्यात जास्त हसली ती शेजारच्या खोलीतली आजी. गिरणी कामगाराची विधवा, मूलबाळ नाही. "अगो बाय, माझ्या दाराक सरकार कित्याक? शेजारी काय मेले?"

तिचं खरंच होतं. आमच्याकडे दारं रात्री झोपतानाच लागायची. दिवसा दार बंद दिसलं, की माणसं गावी गेली असं समजायचं.

त्याच वर्षी आम्ही गणपतीला कोकणात गेलो. दुसऱ्या दिवशी तिचा दहिसरचा पुतण्या आजीला एसटीत बसवून देणार होता. तो आला, दार वाजवलं, ओ आली नाही. त्याला वाटलं, म्हातारी आमच्याबरोबर पुढे गेली. तिच्या गावच्यांना वाटलं, यंदा तिला प्रवास झेपला नसेल. चाळीत मागे राहिलेल्या दोन-चार बिऱ्हाडांनी बंद दार पाहिलं आणि आपापल्या कामाला लागली. दाराला बाहेरून कुलूप नव्हतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

ते दिसलं आईला, गौरी-गणपती पोचवून आम्ही परतलो तेव्हा. दार तोडावं लागलं. आजी उंबऱ्याशीच पडली होती, खुबा मोडलेला. पाण्याची कळशी हाताशी होती, म्हणून इतके दिवस तग धरला. जीव आदल्याच दिवशी गेला असावा, असं डॉक्टर म्हणाले. दाराच्या तळाशी, आतल्या बाजूने, तांब्या आपटल्याचे वण होते. समोरच्या मंडळाच्या लाउडस्पीकरपुढे तो आवाज कुणाला ऐकू जाणार?

मला अजून राग येतो, आमच्या त्या हसण्याचा. माणुसकी आमच्याकडे होतीच की! ती गणपतीला गावी गेली होती. म्हणून तर विलायतेत दार वाजवण्याचं काम पगार देऊन एका माणसाच्या गळ्यात बांधतात. त्यात शिकण्यासारखं काही असेल, असं आम्हाला वाटलंच नव्हतं.

पुढे आई रोज सकाळी नळावर जाताना एकट्या म्हाताऱ्यांची दारं वाजवायची आणि ओ येईपर्यंत हलायची नाही. आजीच्या खोलीला आता पुतण्याचं कुलूप होतं. ते दार तिने कधीच वाजवलं नाही. तिथे ती हंडा खाली ठेवायची आणि दाराला कान लावून उभी राहायची.