गोदाची नाल्याकाठची जागा

ठाण्यात म्युनिसिपालटी येऊन दहा-पंधरा वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. गावातलं पावसाचं पाणी ज्या नाल्याने खाडीला जाई, त्याच्या तोंडाशी गोदाचं झोपडं होतं. माहेर बाळकुमचं. ती आणि नवरा काळुराम, दोघं मिठागरावर राबत. गोदा तोंडाची फटकळ. मुकादमालासुद्धा तिने कधी अहोजाहो केलं नाही. मला अशी माणसं आवडतात.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला मुलगा झाला आणि दात येण्याआधीच तापाने गेला. एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत, पुरतात. काळुरामने त्याला घरामागे नाल्याच्या काठावर पुरलं आणि वर खुणेचा धोंडा ठेवला. सकाळी चूल पेटवण्याआधी गोदा तिथे जाऊन बसायची. शेजारणी म्हणायच्या, हिला वेड लागलंय. लागेना का! त्यांचं काय जात होतं?

काठ मात्र मातीचा. दर पावसाळ्यात थोडाथोडा ढासळायचा, आणि एका वर्षी धोंडाही वाहून गेला. त्याच पावसात नाला तुंबला, पलीकडच्या आळीत छातीभर पाणी शिरलं आणि दोन म्हाताऱ्या बुडून गेल्या. मग म्युनिसिपालटीने नियम बदलले. पूर्वी नाला उपसला की माती काठावरच टाकत, आणि जोराची सर आली की ती परत आत येई. आता नाला रुंद करायचा, काठ उतरते करून त्यांवर गवत लावायचं, आणि निघालेली माती खाडीच्या बांधावर नेऊन चोपून बसवायची, असं ठरलं. नियम चांगले होते. तेच तर दुखतं. शिव्या तरी कोणाला घालायच्या?

पलीकडे घरं, म्हणून नाला गोदाच्या बाजूने रुंद होणार होता. काम बघायला ओव्हरसियर त्र्यंबकराव आले, तेव्हा ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, तिथं माझा पोर हाय. तेवरी जागा सोर."

 त्र्यंबकराव म्हणाले, "बाई, जागा सोडता येणार नाही. पण नेमकी कुठे ते दाखव. आधी त्याला काढून दुसरीकडे नीट ठेवू. तोवर कोणी कुदळ लावणार नाही."

गोदाने हात उचलला आणि तो तसाच राहिला. धोंडा गेल्यापासून तिलाही नेमकं सांगता येत नव्हतं. काळुरामने एक जागा दाखवली, तिने दुसरी.

दोन्हीकडे शोधलं. गोदाने कुणाला हत्यार लावू दिलं नाही, हातांनीच माती उकरली. लेकराच्या मनगटातले काळे मणी तरी मिळतील म्हणून ढेकूळ न् ढेकूळ फोडून पाहिलं. काहीच मिळालं नाही. आभाळ भरून यायला लागलं होतं, मजूर खोळंबले होते. शेवटी काळुरामनेच तिला दंडाला धरून बाजूला नेलं. पाट्या भरल्या, बांधावर रिकाम्या झाल्या. बायका ओळीने बसून माती चोपू लागल्या आणि गोदा प्रत्येक घावाला डोळे मिटून घेऊ लागली.

त्या पावसाळ्यात आळीत पाणी शिरलं नाही. लोक खूश झाले, व्हायलाच हवे होते. पाऊस सरल्यावर मिठागरं सुरू झाली. तिकडे जायची वाट बांधावरूनच, आणि बांध आता चांगला ऐसपैस झाला होता. पण गोदा त्यावर चढेना. ती बांधाखालच्या चिखलातून, गुडघ्यापर्यंत रुतत जायची. लोक हसायचे. एक दिवस काळुरामही वैतागला.

"अगो, वर ये ना! एवरी चांगली वाट हाय."

गोदा थांबली. तिने बांधाकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"येतंय. मना फक्त सांग, यात माझा बाला कुठं हाय. तेवरा सोरून चालतंय."

 काळुराम खाली उतरला आणि चिखलातून तिच्या मागोमाग चालू लागला.